निदान सहा महिने

टायरच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत अक्षरं शिकवत, मागच्या खोलीत तब्येत बघत. खाली हवा भरायच्या यंत्राची धडधड, वर रबराचा वास, आणि जिना इतका अरुंद की चढणारा नि उतरणारा समोरासमोर आले की एकाने मुकाट्याने मागे मागे जात वाट करून द्यायची. रस्त्याकडची खिडकी कुणी कधीकाळी खिळे ठोकून बंद केलेली. ती उघडायचा घाट घातला तेव्हा दोन-तीन खिळे निघाले आणि मग पक्कडच मोडली. त्यानंतर खिडकीचा विषय कुणी काढला नाही. तरीही दिवे लागायच्या सुमारास वस्तीतली तरणी पोरं-पोरी कामावरून परस्पर तिथे येत. कुणाच्या हाताला ग्रीस, कुणाच्या नखांत रंग. दारात सिस्टर उभ्या असायच्या. "आधी साबण, मग अक्षर," असं म्हणत त्या प्रत्येकाला नळाकडे वळवायच्या.

मागची खोली सिस्टरांची. तिथे वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र आणि भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता. त्या तक्त्याचा मात्र पार बट्ट्याबोळ झाला होता. नवी पोरं तो धडा समजून पाठ करून टाकत. खालच्या टायरच्या दुकानात काम करणारा पोपट नावाचा पोरगा तर तक्त्याकडे पाठ फिरवून सगळ्यात बारीक ओळ धडाधड म्हणून दाखवायचा.

"आता तुझे डोळे तपासू कसे रे?" सिस्टर म्हणायच्या.

"डोळे राहू द्या सिस्टर. डोकं तपासा. केवढं तेज आहे बघा."

पुढच्या खोलीत मास्तर. हे काही शाळेतले मास्तर नव्हेत. उभा जन्म त्यांनी बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात घालवला होता, आणि निवृत्तीनंतर त्या गळ्याला रिकामं बसवेना म्हणून ते इथे आले होते. ते कुठलंही वाक्य साधं वाचतच नसत. चालीत म्हणत आणि पोरांकडून म्हणवून घेत. त्यांचं म्हणणं असं, की शब्द डोळ्यांतून आत शिरतो खरा, पण मुक्कामाला गळ्यात उतरतो. सगळी खोली एका सुरात लागली की भिंतीसुद्धा जरा लांब सरकल्यासारख्या वाटत. अशा वेळी कुणाला काय येतं नि काय येत नाही, कोण फाटक्या चपलेत नि कोण उपाशी, हे सगळं त्या सुरात बुडून जाई. देव कुठे असतो म्हणून कुणी विचारलं असतं तर त्या क्षणी टायरच्या दुकानावर बोट दाखवायला हरकत नव्हती.

त्या सुरात सगळ्यांत खणखणीत आवाज भिंगरीचा. लहानपणी एका जागी पाच मिनिटं ठरत नसे म्हणून आत्याने हे नाव ठेवलं, आणि खरं नाव कुठल्याशा दाखल्यावर तसंच राहून गेलं. आता ती अठरा वर्षांची. दिवसभर बेकरीत पाव पाकिटात भरायची. आईबाप तिला आठवतही नव्हते. आत्याने तिला वाढवलं. आई म्हणा, बाप म्हणा, घरदार म्हणा, सगळं मिळून आत्या. ही आत्या एका मोठ्या लाँड्रीच्या तळघरात हॉटेलांच्या चादरी धुवायची. दणकट बाई. ओल्या चादरीचं ओझं एकटी पेलायची आणि वर मुकादमाला चार शब्द सुनवायची. पण थंडी संपली तरी तिचा खोकला संपेना, अंगावरचे कपडे सैल व्हायला लागले, तेव्हा ती एक दिवस भिंगरीला न सांगता पार गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात जाऊन आली.

त्याच आठवड्यात सिस्टरांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले होते. लक्षण, निदान, उपचार. "खोकला येतो, ताप येतो, हे लक्षण," त्या म्हणाल्या. "त्यावरून डॉक्टर ठरवतात की हा अमुक आजार, ते निदान. आणि मग त्यावर जे करायचं तो उपचार. उलटा कारभार करायचा नाही. शेजारीण म्हणाली म्हणून गोळी घेतली, असं नाही."

मास्तरांनी लगेच त्याला चाल लावली. "आधी लक्षण, मग निदान, निदानानंतर उपचार!" पोरांनी ते इतकं उचलून धरलं की दुसऱ्या दिवशी पोपट पंक्चर काढतानाही तेच म्हणत होता. भिंगरीच्या तर ते तोंडात बसलं. निदान हा शब्द तिने याआधी लिहिलेला कधी बघितला नव्हता. कसा दिसतो तो! नि-दा-न. मोठ्या माणसासारखा.

दवाखान्यातून आल्यावर आत्याने एक कागदी पिशवी फळीवर ठेवली होती. भिंगरीने ती उजेडात धरली. आतल्या पाकिटांवरची अक्षरं मुंगीएवढी आणि परक्या भाषेतली, पण पिशवीवर कुणीतरी निळ्या शाईने आपल्या भाषेत दोन ओळी लिहिल्या होत्या.

"स-का-ळी. सकाळी! रि-का-म्या... रिकाम्या पोटी! आत्या, सकाळी रिकाम्या पोटी घ्यायच्या गोळ्या!"

"अगं बाई! वाचतेस की!" आत्याने कौतुकाने बोटं मोडली. मग जरा थांबून म्हणाली, "आणि खाली काय लिहिलंय?"

खालच्या ओळीखाली दोनदा रेघ मारली होती. भिंगरीने ओठ हलवत वाचली. निदान. ओळखीचा शब्द! आणि पुढे, सहा महिने.

निदान सहा महिने.

ऐकणाऱ्याच्या ध्यानात आलंच असेल. पण देवाने माणसाला जीभ एकच दिली आणि तिच्यावर एकेका शब्दाचे दोन-दोन अर्थ बसवून ठेवले, त्याची लीला त्यालाच ठाऊक. बोलताना हा शब्द दिवसातून दहा वेळा भिंगरीच्या तोंडी यायचा, निदान एवढं तरी कर, निदान तेवढं तरी दे. पण बोलण्यातला तो शब्द तिच्या लेखी हवेतला होता, अक्षरांत बसेल असा नव्हताच. लिहिलेला निदान तिला एकच माहीत होता, सिस्टरांचा. डॉक्टरांनी तपासलं आणि ठरवलं: सहा महिने. आणि त्यापुढे तिसरा शब्द नव्हता. उपचार कुठेच लिहिलेला नव्हता.

"काही नाही," ती म्हणाली. "दवाखान्याचं नाव आहे."

आत्याने सुटकेचा श्वास टाकला. तो श्वास कशाबद्दलचा, हे भिंगरीला कळायला पुढे बराच काळ जायचा होता.

"ऐक," आत्या म्हणाली. "छातीत कफ धरलाय, बाकी काही नाही. ताकदीच्या गोळ्या आहेत. पण तुझ्या त्या वर्गात याचा चकार शब्द काढायचा नाही. ना मास्तरांकडे, ना सिस्टरकडे. माझी शपथ आहे. मुकादमाच्या कानावर गेलं तर उद्या काम जाईल, आणि वरच्या मालकीणबाई खोली रिकामी करायला सांगतील. समजलं?"

"समजलं."

"माझ्याकडे बघून सांग."

"समजलं म्हटलं ना आत्या."

त्यांची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला होती. एक खाट, एक शेगडी, एक फळी. खिडकी होती, पण ती उघडायची इमारतीच्या मधल्या उभ्या पोकळीत. त्या पोकळीत सगळ्यांच्या मोऱ्यांचे पाइप उतरलेले आणि सगळ्यांची बोलणी वरखाली फिरत असायची. कुणाकडे भांडी पडली की सगळ्या इमारतीला कळे. म्हणून आत्याने खिडकी घट्ट लावून घेतली आणि फटीत चिंध्या कोंबल्या. खोकला आला की ती उशीत तोंड खुपसून खोकायची. अंधारात भिंगरी तिच्या पाठीला पाठ लावून पडायची, आणि तो दाबलेला खोकला आत्याच्या पाठीतून तिच्या पाठीत यायचा.

आता दोघींचं कसं झालं बघा. आत्याला वाटत होतं, हे पोरीला कळता कामा नये. पोरीला वाटत होतं, हे आत्याला कळता कामा नये. एका खाटेवर दोन कुलपं, आणि किल्ली दोघींनीही गिळलेली. बेकरीत पाव भरता भरता भिंगरीचा हात थांबायचा. सहा महिने म्हणजे कधी? या पावाच्या पाकिटावर छापलेली तारीखसुद्धा तिला वाचता येत होती. आत्याची तारीख येऊन ठेपेल तेव्हा आपण कुठे असू? वाचायला शिकलो नसतो तर बरं झालं असतं, असं तिला पहिल्यांदा वाटलं. अडाणी होतो तेव्हा मोकळे तरी होतो.

वर्गात ती चूप झाली. सूर लागला की तिचे डोळे भरून यायचे. सिस्टर विचारायच्या, "काय गं, पोटात दुखतंय का?" आणि ती मान हलवायची. शपथ घातली होती. शपथ मोडली आणि आत्याला काही झालं, तर ते पाप कुणाच्या माथी?

शेवटी तिने शपथेला वळसा घालायचं ठरवलं. खोकल्याचं नाव घ्यायचं नाही, गोळ्यांचं घ्यायचं नाही. नुसतं एकच विचारायचं. वर्ग सुटल्यावर मास्तर फळा पुसत होते, तेव्हा ती जवळ गेली.

"मास्तर, एक विचारू? आमची आत्या वाचेल का हो?"

मास्तरांचा चेहरा उजळला. आपल्या विद्यार्थिनीला घरच्या माणसाच्या शिक्षणाची काळजी लागली, यापरतं सुख कुठलं?

"का नाही? पण वय काय त्यांचं?"

"पन्नाशीच्या पुढे."

"हं." मास्तरांनी डस्टर खाली ठेवलं. ते खोटी आशा लावणाऱ्यांतले नव्हते. "खरं सांगू का बाळ? या वयात फार थोडे वाचतात. तुमच्यासारख्या तरण्यांचं वेगळं. माझी सख्खी बहीण, किती प्रयत्न केले मी. नाहीच वाचली."

भिंगरीने फळ्याची कड धरली. "मग काय करायचं?"

"जबरदस्ती करू नकोस, एवढं ध्यानात ठेव. लोक तिथेच चुकतात. मागे लागतात, रोज रोज तेच कडू तोंडात घालतात, आणि माणूस आणखी वैतागतो. त्यांच्या कलाने घे. त्यांना जे आवडतं ते दे. थोडा वेळ आनंदात गेला तरी खूप झालं."

"त्रास होत असेल तर?"

"तर राहू दे की सरळ. त्रास कशाला द्यायचा म्हाताऱ्या जिवाला?"

एकेक शब्द प्रेमाचा, आणि एकेक शब्द सुरीसारखा. भिंगरीने मास्तरांना नमस्कार केला. मास्तर बापडे दिवा मालवून जिना उतरले ते गुणगुणतच.

गोळ्यांचा त्रास आत्याला होतच होता. सकाळी त्या पोटात गेल्या की मळमळायचं, तोंडाची चव जायची, लघवी लाल व्हायची. चादरी उचलताना गरगरायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या पाण्याचा पेला हातात घेऊन, डोळे मिटून, गोळ्यांकडे न बघता बसली होती.

"आत्या, नको घेऊस," भिंगरी म्हणाली.

आत्याने डोळे उघडले. "काय?"

"त्रास होतो ना तुला? मग राहू दे. मी मास्तरांना विचारलं. तुझं दुखणं नाही सांगितलं, शपथेवर. नुसतं विचारलं. ते म्हणाले, त्रास होत असेल तर जबरदस्ती करायची नाही."

"मास्तर म्हणाले?"

"हो."

आत्या पेल्याकडे बघत राहिली. दवाखान्यात तिला वेगळं सांगितलं होतं. पण दवाखान्यातला तो माणूस खिडकीपलीकडून बोलला होता, मान वर न करता. आणि मास्तर म्हणजे भिंगरीला अक्षर देणारा माणूस. शिवाय, खरं सांगायचं तर, माणसाला जे हवं असतं ते कुणीतरी शहाण्याने म्हणावं एवढ्याचीच तो वाट बघत असतो. "शिकलेला माणूस आहे, उगाच नाही म्हणणार," असं म्हणून तिने पाकीट पिशवीत सरकवलं आणि पिशवी फळीच्या पाठीमागे टाकली.

मग सुखाचे दिवस आले. असले सुखाचे दिवस वैऱ्यावरही येऊ नयेत. आत्याची मळमळ थांबली. जिभेला चव आली. भिंगरी बेकरीतून मऊ पाव आणायची, दुधात साखर घालून द्यायची, संध्याकाळी पाय चेपायची. आत्या खुशीत यायची.

"काय गं, आज फार सेवा चाललीय? कुणी पोरगा-बिरगा पाहून ठेवलायस की काय?"

"चल, काहीतरीच."

"मग हे पाय चेपणं कशासाठी? पूर्वी पाणी मागितलं तरी तोंड वाकडं करायचीस."

भिंगरी हसायची, आणि तोंड वळवून डोळे पुसायची. खिडकी लावलेली, फटीत चिंध्या, शेगडीची धग, आणि आत्या हसतेय. तिला वाटायचं, ही खोली अशीच राहावी आणि इथून कधी बाहेर पडूच नये. आणि त्याच क्षणी वाटायचं, दार फोडून कुठेतरी पळत सुटावं.

पण खोकला कुणाच्या कलाने घेत नाही. तो परत आला, आणि पहिल्यापेक्षा खोलवरून आला. आता उशीही पुरेना. एका सकाळी आत्याने रुमाल घाईघाईने मुठीत लपवला. तरी त्याचा लाल कोपरा भिंगरीला दिसला.

त्या संध्याकाळी मास्तरांनी वाचायला नवा उतारा आणला होता. निरोगी राहण्याचे नियम. पहिला मान भिंगरीचा. ती उभी राहिली. मन ठिकाणावर नव्हतं, पण अक्षरं आपोआप येत होती.

"निरोगी राहण्यासाठी रोज... निदान..." ती थांबली. "रोज निदान. आठ तास. झोप घ्यावी. मास्तर, हे चुकलंय. निदान रोज कसं करायचं?"

पोपटाने मांडीवर थाप मारली. "सिस्टर, ऐकलंत का? निदान, आठ तास झोप! हाच आजार आहे मला. टायरवाल्याला चिठ्ठी लिहून द्या!"

सगळी खोली हसली. मास्तरही हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अगं, हे सिस्टरांचं निदान नव्हे. हे आपलं रोजचं. निदान चार घास तरी खा, निदान तोंड तरी धू, असं नाही का म्हणत? निदान म्हणजे कमीत कमी. कमीत कमी आठ तास झोपावं."

हसणं अजून विरलं नव्हतं. भिंगरी उभीच होती.

"मग, मास्तर... निदान सहा महिने म्हणजे?"

"म्हणजे कमीत कमी सहा महिने. वर कितीही, पण खाली नाही."

"औषधाच्या पिशवीवर लिहिलं असेल तर?"

या प्रश्नाला उत्तर मागच्या खोलीच्या दारातून आलं. सिस्टर तिथे येऊन उभ्या होत्या. "तर तेवढे महिने ते औषध घ्यायचं. एकही दिवस न चुकवता. बरं वाटलं तरी. त्रास झाला तरी." त्यांनी भिंगरीच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि त्यांचा आवाज खाली आला. "मध्येच सोडलं तर आजार आणखी हट्टी होतो. मग त्या गोळ्या त्याला जुमानत नाहीत."

"पण मास्तर तुम्हीच म्हणालात!" भिंगरी ओरडलीच. "म्हणालात ना, आत्या वाचणार नाही? या वयात फार थोडे वाचतात? तुमची बहीणसुद्धा नाही वाचली?"

मास्तरांनी खडू खाली ठेवला.

"बहीण? अगं, माझी बहीण घरी आहे, धडधाकट. मी... बाळ, मी पुस्तक वाचण्याचं म्हणत होतो."

कुणी हसलं नाही. पोपटसुद्धा नाही. खालचं हवेचं यंत्र तेवढं धडधडत राहिलं.

"भिंगरी," सिस्टर हळूच म्हणाल्या, "पिशवी कुणाची आहे?"

शपथ तोंडावर हात दाबून उभी होती. "कुणाची नाही," असं म्हणून ती जिन्याकडे धावली. खालून दोघं जण वर येत होते. या खेपेला ती मागे सरली नाही. त्यांच्या मधून, भिंतीला खरचटत, ती खाली उतरली आणि घरापर्यंत कुठे थांबली नाही.

आत्या खाटेवर टेकून बसली होती, रुमाल हातातच. भिंगरीने फळीमागे हात घालून पिशवी काढली.

"आत्या, घे."

"काय?"

"गोळी. आत्ताच्या आत्ता."

"डोकं फिरलं काय तुझं? तूच म्हणालीस, मास्तर म्हणाले..."

"मास्तर वेगळंच म्हणाले होते. मी वेगळंच वाचलं होतं. आत्या, इथे खाली लिहिलंय ना, ते दवाखान्याचं नाव नाही. निदान सहा महिने लिहिलंय. मला वाटलं, तू सहा महिन्यांत..."

आत्या आधी हसायला लागली, मग हसता हसता खोकायला. खोकला थांबला तेव्हा ती हसत नव्हती.

"म्हणजे मी मरायला टेकलेय असं समजून तू माझे पाय चेपत होतीस?"

"हो."

"आणि ते साखर घातलेलं दूध?"

"हो."

"आणि मी वेडी, मला वाटलं पोरगी सुधारली." आत्याने तोंड फिरवलं. मग भिंतीकडे बघतच म्हणाली, "सहा महिने मला ठाऊक होते. त्या माणसाने सांगितलं होतं. आजाराचं नावही सांगितलं होतं. पिशवीवर ते नाव लिहिलंय की काय, म्हणूनच मी तुला विचारलं होतं त्या दिवशी. टीबी आहे मला. आता कळलं? होऊ दे खोली रिकामी. जा."

टीबी. वर्गात सिस्टरांनी सांगितलं होतं. बरा होतो, पण गोळी चुकवायची नाही. पण गोळी तर चुकली होती, आणि ती चुकवायला लावणारी घरातच होती.

"मी सिस्टरना घेऊन येते."

"पाऊल टाक त्या दाराबाहेर, आणि मग मला आत्या म्हणू नकोस. शपथ घातलीय मी. सगळी इमारत दाराशी उभी राहील. उद्या मुकादमाला कळेल. परवा आपण दोघी रस्त्यावर. ते बरं, की हा खोकला बरा?"

"गोळी घेतेस?"

"आता घेऊन काय उपयोग, ते तुझ्या सिस्टरलाच माहीत. मला नाही."

हेच तर खरं होतं. उपयोग आहे की नाही, हे दोघींपैकी कुणालाच माहीत नव्हतं; पिशवीवरच्या दोन ओळींत त्याचं उत्तर नव्हतं. भिंगरी दाराबाहेर येऊन अर्धा जिना उतरली आणि थांबली. तळाशी सिस्टर उभ्या होत्या, धापा टाकत. मागोमागच आल्या होत्या.

"मी वर नाही आले," सिस्टर म्हणाल्या. "तू म्हणालीस तर येईन. नाही म्हणालीस तर इथूनच परत जाईन, आणि उद्या परत येऊन इथेच उभी राहीन."

भिंगरी मधल्या पायरीवर. वर आत्याचा खोकला, खाली सिस्टर. एका मजल्यावर दाराची कडी निघाली, कुणीतरी फटीतून डोकावलं. वर गेली तर शपथ पाळली जाईल आणि आत्या जाईल. खाली उतरली तर आत्या राहील, पण आपली राहील की नाही, देव जाणे. त्याला विचारायलाही तिला सवड नव्हती. तिने कठड्याला दोन्ही हातांनी धरलं. आत्याचा खोकला पुन्हा आला, लांबतच गेला, आणि थांबायचं नाव घेईना.

"या," ती म्हणाली. मग मोठ्याने, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं म्हणाली, "सिस्टर, वर या. माझ्या आत्याला टीबी आहे."

दारं उघडली. मालकीणबाई गाऊनवर शाल टाकून बाहेर आल्या. सिस्टरांनी कुणाकडे बघितलं नाही. त्या आत गेल्या, तोंडाला फडकं बांधलं, आत्यालाही बांधायला दिलं, आणि पहिलं काम म्हणून खिडकीच्या फटीतल्या चिंध्या ओढून काढल्या. पोकळीतली वरखाली बोलणी एकदम गप्प झाली.

आत्या भिंतीकडे तोंड करून होती. सिस्टर तिच्या पाठीशीच बोलल्या. उद्या सकाळी बेडका तपासायला न्यायचा. गोळ्या अजून लागू पडतात की नाही ते त्यातून कळेल. पडत असतील तर मोजणी पहिल्यापासून, आणि नसतील तर दुसऱ्या गोळ्या, जास्त काळ. तोवर आज हातात आहेत त्या सुरू ठेवायच्या की नाही, ते त्या आत्ताच डॉक्टरांना फोन करून विचारतील. लाँड्रीचं काम सध्या बंद. भिंगरीचीही तपासणी. आणि मालकीणबाईंशी बोलायचं काम त्यांच्याकडे.

"बरी होईल ना?" भिंगरीने विचारलं. या वेळी तिने शब्द नीट पारखून घेतला होता.

"पुष्कळ जण होतात," सिस्टर म्हणाल्या. "पण आज मी तुला तसं लिहून देऊ शकत नाही." आणि त्या फोन घेऊन बाहेर मालकीणबाईंकडे गेल्या. बाहेर चढे आवाज सुरू झाले.

आत दोघीच उरल्या. भिंगरी खाटेच्या कडेला टेकली. बोलावं तर कुठल्या तोंडाने? आत्याच्या पाठीवरचे मणके आता ब्लाउजमधूनही दिसत होते. सिस्टर दारात परत आल्या, "डॉक्टर म्हणाले, आजपासूनच सुरू करा," एवढं सांगून पुन्हा मालकीणबाईंकडे वळल्या. भिंगरीने पाकीट फाडलं. गोळ्या तळहातावर घेतल्या आणि तशीच बसून राहिली, कारण आत्याच्या खांद्याला हात लावायचा तिला धीर होईना.

मग आत्याने तोंड भिंतीकडेच ठेवून एक हात मागे केला. पंजा उघडा होता.

भिंगरीने गोळ्या त्यावर ठेवल्या. हात तसाच राहिला.

"आणि पाणी काय," आत्या भिंतीला म्हणाली, "तुझे मास्तर आणून देणार?"